सिस्टरची वजाबाकी : तीव्र दम्याचे आकडे काय सांगतात?

दमा असलेले एक हजार प्रौढ रुग्ण घ्या. त्यांतल्या साधारण २४० जणांना उपचारांच्या वरच्या पायऱ्यांवरची, म्हणजे मध्यम ते जास्त मात्रेची औषधे लिहून दिलेली असतात. एवढे करूनही १७० जणांचा दमा आटोक्यात येत नाही. या १७० जणांचे पंप घेण्याचे तंत्र तपासले आणि लिहून दिलेले औषध ते खरोखर घेतात का हे पाहिले, की सगळे बरोबर करूनही ज्यांचा आजार दाद देत नाही असे उरतात ३७. नेदरलँड्समधल्या औषध दुकानांच्या नोंदींवर बेतलेल्या २०१५ सालच्या अभ्यासातून हे प्रमाण आले. २४, १७ आणि सुमारे ३.७ टक्के हे तीन आकडे आज दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेत दिलेले असतात.

१७० मधून ३७ गेले, राहिले १३३. हा लेख या १३३ जणांविषयी आणि त्यांना शोधून काढणाऱ्या परिचारिकेविषयी आहे. या लोकांची फुफ्फुसे हट्टी नसतात; फुफ्फुसांपर्यंत औषध पोचत नसते. कागदावर मात्र ते आणि खरे तीव्र दम्याचे रुग्ण सारखेच दिसतात. तीच धाप, तीच रात्रीची जाग, तेच वर्षातून तीन-चारदा वाफ घ्यायला दवाखान्यात धावणे. फरक करायचा तर कोणाला तरी रुग्णासमोर बसून, त्याच्या हातात पंप देऊन, त्याच्या पिशवीतली औषधे मोजून पाहावी लागतात. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना एवढा वेळ मिळत नाही. ज्या देशांत हे काम नेमाने होते, तिथे त्याचा मोठा भार परिचारिकांनी उचलला आहे.

रुग्ण १३ टक्के, मृत्यू ४३ टक्के

जागतिक आजारभार अभ्यासाच्या २०१९ सालच्या अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे ३ कोटी ४३ लाख रुग्ण आहेत. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी हे १३ टक्के. त्याच वर्षी जगभर दम्याने सुमारे ४ लाख ६० हजार माणसे दगावली. त्यांत भारतातली जवळपास १ लाख ९८ हजार, म्हणजे ४३ टक्के. दिवसाला ५४० च्या वर. रुग्णसंख्येच्या हिश्श्याने मृत्यू झाले असते, तर आकडा ६० हजारांच्या आसपास राहिला असता. एवढी तफावत एकट्या हवेच्या माथी मारता येणार नाही. निदान आणि उपचार इथेच मोठी गळती आहे.

ही गळती किती, ते ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतीय अभ्यासात दिसते. तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. पुण्याचे डॉ. संदीप साळवी त्याच्या लेखकांपैकी एक. मुले, किशोरवयीन आणि त्यांचे पालक मिळून सव्वा लाखाहून अधिक जणांची पाहणी त्यात झाली. छातीत घरघर होणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांच्या आजाराला कोणत्याही डॉक्टरने दमा म्हटलेले नव्हते. तीव्र लक्षणे असलेल्यांतही निदानाविना राहिलेले ७० टक्के निघाले. श्वासावाटे रोज घ्यायचे स्टेरॉइड हा दम्याच्या उपचारांचा कणा. घरघर असलेल्यांत ते नियमित घेणारे शंभरात तीनही नव्हते.

नेदरलँड्सचे ३.७ टक्के उचलून आपल्या ३ कोटी ४३ लाखांना लावले, तर भारतात तीव्र दम्याचे साडेबारा लाखांहून अधिक रुग्ण निघतात. हा हिशेब फसवा आहे. तिथे वजाबाकी झाल्यावर ३.७ टक्के उरले. आपल्याकडे वजाबाकीला नीट सुरुवातच झालेली नाही. ‘माझा दमा फार जोराचा आहे’ असे सांगणाऱ्या माणसाला इथे आजवर योग्य औषध योग्य रीतीने मिळालेलेच नसण्याची शक्यता मोठी असते.

तीव्र कशाला म्हणायचे?

युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी आणि अमेरिकन थोरॅसिक सोसायटी यांनी २०१४ साली मिळून व्याख्या ठरवली. श्वासावाटे जास्त मात्रेचे स्टेरॉइड आणि जोडीला दुसरे नियंत्रक औषध वर्षभर घेऊनही, किंवा वर्षातला निम्मा काळ स्टेरॉइडच्या गोळ्या खाऊनही दमा आटोक्यात येत नसेल, अथवा ही औषधे कमी करताच उसळत असेल, तर तो तीव्र दमा. त्याआधी दोन गोष्टींची खात्री हवी. निदान दम्याचेच असले पाहिजे, आणि सर्दी-सायनस, आम्लपित्त, स्थूलपणा, झोपेतला श्वासरोध, धूम्रपान या सोबत्यांचा बंदोबस्त झालेला असला पाहिजे.

दमा आटोक्यात आहे की नाही, हे मोजायला पाच प्रश्नांची एक चाचणी आहे. गुण ५ ते २५. वीस किंवा अधिक गुण पडले तर ठीक, १६ ते १९ म्हणजे नियंत्रण अपुरे, १५ किंवा कमी म्हणजे फारच वाईट. सिस्टर ही चाचणी पाच मिनिटांत घेऊ शकते. ‘बरं आहे की’ म्हणणाऱ्या रुग्णाचे गुण तेरा भरतात, हा अशा टेबलांवरचा नेहमीचा अनुभव. जिना चढल्यावर दम लागतो का, याचे उत्तर ‘नाही’ येते, कारण माणसाने जिना चढणेच सोडलेले असते. मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर शेवटचे कधी गेलात, असे विचारले की खरे उत्तर बाहेर पडते. हा प्रश्न छापील चाचणीत नाही. तो विचारायला समोर माणूस लागतो.

पहिली वजाबाकी : हातातला पंप

१९७५ ते २०१४ या चाळीस वर्षांतले १४४ अभ्यास एकत्र करणारा आढावा २०१६ साली ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात ५४ हजारांहून अधिक लोकांना पंप घेताना प्रत्यक्ष पाहिलेले होते. अगदी बरोबर घेणारे ३१ टक्के निघाले. दाबायच्या पंपात ४५ टक्के लोकांचा दाब आणि श्वास जुळत नव्हता, ४४ टक्के लोकांच्या श्वासाचा वेग किंवा खोली चुकत होती, ४६ टक्के लोक औषध आत गेल्यावर श्वास धरून ठेवत नव्हते. पावडरीच्या पंपात ४६ टक्के लोक आधी श्वास पूर्ण सोडत नव्हते आणि २९ टक्के लोकांची यंत्र तयार करण्यातच चूक होत होती. चाळीस वर्षांत पंप बदलले, कंपन्या बदलल्या. चुकांचे प्रमाण मात्र घटले नाही.

या टक्क्यांमागे काय असते, ते छातीच्या ओपीडीतल्या कोपऱ्यात दिसते. ‘काका, घरी घेता तस्साच घेऊन दाखवा,’ एवढे बोलून सिस्टर गप्प बसते. काका टोपण काढतात, पण पंप हलवत नाहीत. श्वास बाहेर न सोडताच पंप तोंडात धरतात. आधी दाबतात, मग श्वास ओढतात. ओठांच्या कडेने पांढरा धूर बाहेर येतो. लगेच दुसऱ्यांदा दाबतात आणि ‘झालं’ म्हणायला तोंड उघडतात. एवढ्यात पाच चुका झाल्या. बरेचसे औषध जिभेवर आणि घशात बसले, उरलेले खोलीच्या हवेत गेले.

मग सिस्टर औषध नसलेला सरावाचा पंप हातात घेते. टोपण काढा, पंप हलवा. श्वास पूर्ण बाहेर सोडा. ओठ घट्ट मिटा. श्वास आत घ्यायला लागतानाच दाबा आणि चार-पाच सेकंद सावकाश ओढत राहा. मनात दहा मोजेपर्यंत श्वास धरा. दुसऱ्यांदा घ्यायचा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा. स्टेरॉइडचा पंप असेल तर शेवटी चूळ भरून थुंका, म्हणजे तोंडात बुरशी धरत नाही. एवढे सांगून ती थांबत नाही. काकांकडून पुन्हा करून घेते. हात आणि श्वास जुळतच नसेल तर पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी प्लॅस्टिकची पोकळ नळी, जोडते. तो साबणाच्या पाण्यात धुवा, फडक्याने पुसू नका, तसाच वाळू द्या, हेही बजावते. पुसल्याने प्लॅस्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटून राहते.

कॅप्सूल घालायच्या रोटाहेलरचा नियम याच्या उलट. तिथे श्वास जोरात आणि झटकन ओढायचा. एकाच पिशवीत दोन्ही जातींचे पंप असले की सावकाश कुठे आणि जोरात कुठे, याचा गोंधळ ठरलेला. कॅप्सूल यंत्रात न घालता पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही छातीच्या ओपीडीला नवीन नाहीत.

पण शिकवणाऱ्यालाच येत नसेल तर? २०१८ सालच्या एका आढाव्यात ५५ अभ्यासांतले सहा हजारांहून अधिक डॉक्टर, परिचारिका आणि इतर आरोग्यसेवक होते. पंप अचूक घेऊन दाखवणारे भरले १५.५ टक्के. १९९५ पर्यंतच्या अभ्यासांत हे प्रमाण २०.५ टक्के होते, त्यानंतरच्या काळात ते १०.८ वर आले. म्हणून ‘वॉर्डात सिस्टर आहेत की’ एवढ्यावर भागत नाही. त्या सिस्टरचे स्वतःचे तंत्र तपासलेले हवे. रुग्णाचे शिकलेले तंत्रही काही आठवड्यांत पुन्हा बिघडते, त्यामुळे दर भेटीत उजळणी हवी.

दुसरी वजाबाकी : न घेतलेले औषध

रोजचा पंप १२० मात्रांचा आणि डोस सकाळी दोन, संध्याकाळी दोन, असे धरू. पंप तीस दिवसांत संपतो. वर्षाला बारा लागतात. रुग्णाच्या बिलांवरून वर्षात पाचच विकत घेतलेले दिसले, तर त्याने ४२ टक्के औषध घेतले आहे. अशा माणसाला अधिक मात्रेचे औषध लिहून देणे म्हणजे न उघडलेल्या पाकिटांत आणखी एकाची भर.

उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टच्या कठीण दम्याच्या दवाखान्यात १८२ रुग्णांच्या औषधनोंदी तपासल्या गेल्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६३ जणांनी, म्हणजे ३५ टक्क्यांनी, लिहून दिलेल्या पंपांपैकी निम्मे किंवा त्याहून कमी नेले होते. ‘औषध नियमित घेतो’ असे त्यांनी आधी सांगितले होते. नोंदी पुढे ठेवून बोलणे झाल्यावर ८८ टक्क्यांनी खरे सांगितले. स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिलेल्यांची रक्ततपासणी केली, तेव्हा ४५ टक्के लोक त्या सांगितल्याप्रमाणे घेत नसल्याचे आढळले. हे सगळे विशेषज्ञांच्या दवाखान्यापर्यंत पोचलेले रुग्ण होते.

त्याच केंद्राने २०१२ साली आणखी एक उपाय तपासला. दम्याची सूज असेल तर उच्छ्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण वाढलेले असते. हे प्रमाण ज्यांचे वाढलेले होते, त्यांना सात दिवस देखरेखीखाली, डोळ्यांसमोर पंप दिला. एरवी औषध चुकवणाऱ्यांचा आकडा आठवड्यात मूळच्या सरासरी ४७ टक्क्यांवर उतरला. नियमित घेणाऱ्यांचा ७९ टक्क्यांवरच राहिला. पहिल्या गटाला महागडे नवे औषध नको होते. हातात असलेले औषधच रोज घ्यायचे होते.

मराठी घरात औषध का राहते, याची कारणे सिस्टरला पाठ असतात. पंपाची सवय लागते ही भीती. पंप म्हणजे शेवटचा उपाय हा समज. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत पंप दिसू नये म्हणून कपाटात दडवणे. स्टेरॉइड हा शब्द ऐकूनच पाठ फिरवणे. बरे वाटले की थांबणे. आणि पैसे. ‘घेता ना नियमित?’ या प्रश्नाला उत्तर एकच येते, ‘हो’. जाणती सिस्टर विचारते, ‘पुष्कळांचा राहून जातो हो, तुमचा आठवड्यातून साधारण किती वेळा राहतो?’ मग ‘चार-पाच वेळा’ असे उत्तर मिळते. पैशांची अडचण असेल तर स्वस्त पर्यायासाठी डॉक्टरांकडे चिठ्ठी जाते; भीती असेल तर मात्रांचा हिशेब मांडावा लागतो. गोळी मिलिग्रॅममध्ये असते, पंपातली एक मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागांत. हा फरक कागदावर मांडला की पुष्कळ रुग्णांची भीती ओसरते.

तातडीचा पंप मोजा

ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१२ ते जानेवारी २०१३ या वर्षातल्या दम्याच्या १९५ मृत्यूंची एकेक करून चौकशी झाली. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१४ साली अहवाल प्रसिद्ध केला. ४६ टक्के मृत्यू टाळता येण्याजोगे होते. ४५ टक्के माणसे वैद्यकीय मदत न मागता किंवा मदत मिळण्याआधीच गेली. स्वतःची लेखी दमा-योजना फक्त २३ टक्के लोकांना मिळालेली होती. दहा टक्के मृत्यू दम्यासाठी रुग्णालयात राहून घरी परतल्यावर २८ दिवसांच्या आत झाले होते.

चौकशीतला सर्वांत बोलका आकडा तातडीच्या पंपाचा आहे. ज्यांच्या नोंदी मिळाल्या अशा १६५ जणांपैकी ३९ टक्क्यांना शेवटच्या वर्षात बाराहून अधिक तातडीचे पंप लिहून दिलेले होते. सहा जणांना पन्नासहून अधिक. एका पंपात साधारण २०० मात्रा धरल्या, तर बारा पंप म्हणजे २,४०० मात्रा, दिवसाला सरासरी साडेसहा. दुसऱ्या बाजूला, रोजचा प्रतिबंधक पंप लिहून दिलेल्यांपैकी ८० टक्क्यांना वर्षात बाराहून कमी आणि ३८ टक्क्यांना चारहून कमी मिळाले होते. तातडीचे औषध श्वासनलिका तेवढ्यापुरती मोकळी करते, सूज तशीच राहते. स्वीडनमधल्या साडेतीन लाखांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात (२०२०) वर्षाला दोन किंवा कमी तातडीचे पंप वापरणाऱ्यांच्या तुलनेत तीन ते पाच वापरणाऱ्यांचा मृत्यूचा धोका १.२६ पट, सहा ते दहा वाल्यांचा १.६७ पट आणि अकरा किंवा अधिक वाल्यांचा २.३५ पट निघाला.

त्याच ब्रिटिश चौकशीत, ज्यांच्या आजाराची पातळी ठरवता आली त्यांपैकी ५८ टक्के लोकांवर सौम्य किंवा मध्यम दम्याचे उपचार चालू होते. तीव्र दम्याचे ३९ टक्के. म्हणजे ‘तीव्र’ हा शिक्का नसलेल्या रुग्णांकडे कानाडोळा करून चालत नाही. वर्षाला किती तातडीचे पंप लागले, हे विचारायला यंत्र लागत नाही. एक प्रश्न आणि एक नोंदवही पुरते.

उरलेल्या ३७ जणांचे काय?

सगळी वजाबाकी झाल्यावर जे उरतात, त्यांच्यासाठी सिस्टरचे काम कमी न होता वाढते. या रुग्णांना वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या मिळालेल्या असतात. दिवसाला ४० मिलिग्रॅमचा पाच ते सात दिवसांचा एक कोर्स म्हणजे २०० ते २८० मिलिग्रॅम. असे चार कोर्स झाले की आयुष्यातली एकूण मात्रा एका ग्रॅमच्या आसपास जाते, आणि हाडांची झीज, मधुमेह, मोतीबिंदू अशा दुष्परिणामांचा धोका तिथपासूनच वाढलेला दिसतो. गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या पांढऱ्या गोळ्या, मेडिकलमधून परस्पर आणलेली पट्टी, तालुक्याच्या दवाखान्यातले इंजेक्शन, हे सगळे कोणाच्याच एका कागदावर नसते. ते जुळवून बेरीज करण्याचे काम परिचारिकेचे. साखर, रक्तदाब, वजन, हाडे आणि डोळे यांच्या तपासण्यांची आठवणही तिनेच ठेवायची.

पुढे येतात जैविक औषधांची इंजेक्शने. मेपोलिझुमॅब दर चार आठवड्यांनी. २०१४ सालच्या चाचणीत त्याच्या त्वचेखालच्या इंजेक्शनाने दम्याचे झटके ५३ टक्क्यांनी घटले. बेनरालिझुमॅबचे पहिले तीन डोस चार-चार आठवड्यांनी, मग आठ-आठ आठवड्यांनी. ते घेणाऱ्या ५९८ रुग्णांच्या अभ्यासात ६३ टक्के लोकांच्या स्टेरॉइडच्या रोजच्या गोळ्या पूर्ण सुटल्या. ओमालिझुमॅबची मात्रा रुग्णाचे वजन आणि रक्तातले आयजीई हे अॅलर्जीशी निगडित प्रतिपिंड पाहून ठरते. ही औषधे महाग आहेत, आणि आपल्याकडे ती बहुतेकांना खिशातून घ्यावी लागतात. म्हणूनच ती चुकीच्या माणसाला जाऊ नयेत. तीव्र दमा ठरवण्याआधीची वजाबाकी इथे पैशांतही मोजता येते.

इंजेक्शन देणे हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग. औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवलेले आहे का, सुई टोचण्याआधी ते बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आणले का, टोचल्यावर रुग्णाला थांबवून पित्त उठणे, सूज, रक्तदाब पाहिला का, हे तिच्या यादीत असते. ओमालिझुमॅबने जीवघेणी अॅलर्जी हजारात एक-दोघांनाच होते, पण ती होते तेव्हा अॅड्रेनलिन हाताशी लागते. पुढे रुग्णाला घरीच मांडीवर किंवा पोटावर टोचायला शिकवायचे. तीन-चार महिन्यांनी गुण, झटके आणि गोळ्यांचा हिशेब मांडून औषध चालू ठेवायचे की नाही, या निर्णयाची माहिती डॉक्टरांपुढे ठेवायची. आणि सतत बजावायचे, की इंजेक्शन चालू झाले म्हणून पंप बंद करायचा नाही आणि गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत. बराच काळ बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर अधिवृक्क ग्रंथी मंदावतात; गोळी अचानक थांबली तर रुग्ण कोसळू शकतो.

झटका आला की पहिली नजर सिस्टरचीच पडते. ब्रिटिश निकषांनुसार एका दमात वाक्य पूर्ण होत नसेल, श्वास मिनिटाला २५ किंवा अधिक, नाडी ११० किंवा अधिक, पीक फ्लो (जोरात फुंकल्यावरचा श्वासाचा कमाल वेग) नेहमीच्या सर्वोत्तम आकड्याच्या ३३ ते ५० टक्के, यांपैकी काहीही असले तर झटका तीव्र. ऑक्सिजन ९२ टक्क्यांखाली, पीक फ्लो ३३ टक्क्यांखाली किंवा छातीतला आवाजच बंद, तर जीव धोक्यात. घरघर थांबून माणूस शांत पडला की नातेवाइकांना हायसे वाटते. सिस्टर मात्र तेव्हाच डॉक्टरांना हाक मारते. हे आकडे सोप्या भाषेत, हिरव्या-पिवळ्या-लाल रकान्यांत लिहून घरच्या भिंतीवर लावले, की लेखी दमा-योजना तयार होते. पिवळ्यात काय वाढवायचे, लाल झाले तर वाटेत कोणता पंप किती घ्यायचा आणि कुठल्या रुग्णालयात जायचे, हे त्यात नावानिशी असते.

खरेच फरक पडतो का?

अमेरिकेत सेंट लुइस इथे वारंवार भरती होणाऱ्या ९६ प्रौढ रुग्णांचे दोन गट करून एका गटाला दमा-परिचारिका देण्यात आली. २००३ सालच्या निष्कर्षांनुसार त्या गटात पुढच्या भरती ३१ झाल्या, दुसऱ्या गटात ७१. दम्यासाठीच्या भरती २१ विरुद्ध ४२. जास्त आजारी आणि जास्त खर्चिक रुग्ण निवडले, तर परिचारिकेचा उपयोग ठळक दिसतो.

पूर्व लंडनच्या गरीब, बहुवांशिक वस्तीत ४४ दवाखान्यांतल्या ३२४ रुग्णांवरच्या अशाच प्रयोगात (२००४) फायदा बेताचा निघाला. वर्षभरात झटक्यासाठी धावाधाव करावी लागलेले ५८ टक्के विरुद्ध ६८ टक्के. पहिल्या धावपळीपर्यंतचा काळ १९४ दिवस विरुद्ध १२६. २०१३ सालच्या कॉक्रेन आढाव्यात पाच अभ्यास आणि ५८८ रुग्ण होते. आटोक्यातल्या दम्यात परिचारिकेने पाहिलेले आणि डॉक्टरांनी पाहिलेले रुग्ण यांच्या झटक्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ परिचारिका निरुपयोगी असा नाही. स्थिर रुग्णाची नियमित तपासणी प्रशिक्षित परिचारिकेकडे सोपवली तरी त्याचे नुकसान होत नाही, आणि डॉक्टरांचा तेवढा वेळ कठीण रुग्णांसाठी मोकळा होतो, असा आहे.

ब्रिटनने हे एका दिवसात उभे केले नाही. १९८० च्या दशकात स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन इथे ग्रेटा बार्न्स या परिचारिकेने दम्याचे प्रशिक्षण केंद्र सुरू केले. तिथून तयार झालेल्या परिचारिका गावोगावच्या दवाखान्यांत गेल्या. २००४ पासून तिथल्या दवाखान्यांना दम्याच्या वार्षिक तपासणीसाठी कामगिरीनुसार मोबदला मिळू लागला, आणि ही तपासणी पुष्कळ ठिकाणी परिचारिकाच करतात. एवढे असूनही मृत्यूंच्या चौकशीचा २०१४ चा अहवाल तसा आला. व्यवस्था आहे तिथेही ढिलाई जीव घेते, हा त्यातला धडा.

आपल्याकडे काय करता येईल?

आपल्या सरकारी रुग्णालयांच्या पदरचनेत दमा-परिचारिका अशी जागा सहसा नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हजारी तीन परिचारिकांच्या मापापुढे भारत हजारी दोनच्या आसपास आहे, आणि आहेत त्या सिस्टर नोंदवह्या, इंजेक्शने आणि रात्रपाळ्यांत अडकलेल्या. इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०१६ साली अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम आणला, म्हणजे परिचारिकेला विशेष जबाबदारी देण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा आवाका २०२३ साली वाढला, तेव्हा त्यात सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराबरोबर दमाही आला. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. त्यांत परिचर्या पदवीधरही आहेत. रक्तदाब आणि साखर मोजणाऱ्या त्याच टेबलावर पीक फ्लो मीटर, सरावाचा पंप, स्पेसर आणि पाच प्रश्नांचा कागद ठेवायला नवी इमारत लागत नाही.

जिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या पातळीवर निदान एक प्रशिक्षित, तपासलेल्या तंत्राची परिचारिका छातीच्या ओपीडीला कायम नेमावी, तिची बदली दर सहा महिन्यांनी दुसऱ्या वॉर्डात होऊ नये, आणि जास्त मात्रेचे औषध किंवा जैविक इंजेक्शन लिहिण्याआधी तिची वजाबाकी झाल्याची नोंद केसपेपरवर सक्तीची करावी. भरती होऊन घरी गेलेल्या प्रत्येक दमा रुग्णाला दोन-तीन दिवसांत तिचा फोन जावा. मृत्यूंचा ४३ टक्के वाटा खाली आणायचा, तर सुरुवात याच स्वस्त कामांनी व्हायला हवी.

तोवर ज्यांच्या घरात दमा आहे त्यांनी पुढच्या भेटीला सगळे पंप पिशवीत घालून न्यावेत, रिकामे झालेलेसुद्धा. ‘सिस्टर, मी पंप घेतो ते एकदा पाहा,’ असे स्वतःहून म्हणावे. वर्षभरात तातडीचे तीन किंवा अधिक पंप लागले असतील, तर दमा आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांना तो आकडा सांगावा आणि लेखी योजना मागून घ्यावी.